कुद्रेमुखच्या बॅच काढणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ट्रेक ग्रुप्सना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

जून तोंडावर आला की तुमच्या सगळ्यांच्या पोस्टर्सवर कर्नाटकातला एकच हिरवा डोंगर दिसायला लागतो, मखमल पांघरल्यासारखा, आणि वर लिहिलेलं असतं कुद्रेमुख, दोन रात्री तीन दिवस, एसी बस, नाश्ता-जेवण इन्क्लुडेड. मला त्याचा राग अजिबात नाही, लोकांनी डोंगरात जावंच, मी स्वतः तुमच्यातल्याच एका ग्रुपबरोबर गेल्या ऑगस्टमधे गेले होते. ग्रुपचं नाव इथे घेत नाही, कारण बोलायचंय ते सगळ्यांशीच. बसमधे आमच्या लीडरने माइक हातात घेऊन सांगितलं की मित्रांनो आपण आता अशा जंगलात शिरतोय जिथे माणसाचा हात कधी लागलेला नाही. पोरगा चांगला होता, मनापासून सांगत होता, वाटेत प्रत्येकाची काळजी घेत होता. पण तो हे बोलला तेव्हा आमची बस त्या रस्त्यावरून चालली होती ज्या रस्त्याने माझे बाबा पंधरा वर्षं कामावर जात होते, आणि मला खिडकीकडे तोंड फिरवून बसावं लागलं कारण डोळे भरून आले.

आम्ही मूळचे मिरजेकडचे. बाबा कुद्रेमुखच्या लोखंडाच्या प्रकल्पात फिटर होते, माझं बालपण तिथल्या कॉलनीत भद्रा नदीच्या काठी गेलं. त्यामुळे मी जे लिहितेय ते खाणीला शिव्या घालायला म्हणून नाही, त्या खाणीच्या पगारावर मी शिकले. पण त्या डोंगराची गोष्ट अर्धीच सांगितली जातेय आणि ती सांगायची जागा आता तुमच्याकडे आहे, कारण मराठी माणूस कुद्रेमुखला जातो तो बहुतेक तुमच्याच बसने जातो. म्हणून हे पत्र.

आधी डोंगराबद्दल. कन्नडमधे कुदुरे म्हणजे घोडा, शिखराची एक बाजू घोड्याच्या तोंडासारखी दिसते म्हणून कुदुरेमुख, आपण कुद्रेमुख म्हणतो. उंची १८९४ मीटर. त्याचं जुनं नाव संसेपर्वत, पायथ्याच्या संसे गावावरून. हे नाव तुमच्या एकाही पोस्टरवर मी बघितलं नाही, ते घाला कधीतरी. अरबी समुद्रावरून येणारा ढग मंगळूरची सपाटी ओलांडून थेट या भिंतीला येऊन धडकतो, म्हणून या डोंगररांगेत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या दहापट, आपल्या आंबोलीच्या तोडीचा. आम्हा मुलांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य म्हणजे काय ते विसरायला व्हायचं. आई चुलीवर दोरी बांधून शाळेचे कपडे वाळवायची तरी ते ओलसरच अंगात घालायला लागायचे, गाद्यांना वास, चपलांवर पांढरी बुरशी, डब्यातलं मीठ पाणी सुटून बसलेलं. शाळेतून घरी आलं की दारातच मोजे काढून जळवा मोजायचा आमचा खेळ होता, ज्याच्या जास्त तो जिंकला.

आणि या पावसाचं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट पाण्याचीच आहे. वर उघड्या पाठीवर गवत आणि घळींच्या कुशीत दाट बुटकं जंगल, त्याला शोला म्हणतात. तुम्ही ज्याला मखमल म्हणता ते हे गवत. ते पाऊस धरून ठेवतं आणि शोलातून हळूहळू सोडतं, म्हणून तिथले ओढे उन्हाळ्यातही वाहतात. याच रांगेत गंगामूळ नावाची जागा आहे, तिथे तुंगा, भद्रा आणि नेत्रावती अशा तीन नद्या उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेला मंगळूरकडे उतरते. तुंगा आणि भद्रा पूर्वेला जाऊन शिवमोग्ग्याजवळ कूडलीला भेटतात, त्यांची तुंगभद्रा होते आणि ती शेवटी आपल्या कृष्णेला मिळते. म्हणजे महाबळेश्वरचं पाणी आणि कुद्रेमुखचं पाणी पुढे एकच. मी मिरजेची, कृष्णेच्या काठची, मला लहानपणी बाबांनी हे नकाशावर बोटाने दाखवलं होतं आणि तेव्हापासून मला दोन्ही घरं एकाच नदीवर वाटतात.

आता खाण. १९१३ मधे म्हैसूर संस्थानच्या भूशास्त्र खात्यातल्या संपत अय्यंगार यांनी या भागात लोखंडाचा साठा शोधला. पण तो लगेच कुणी काढला नाही, कारण एक तर जागा इतकी आत आणि इतकी पावसाळी, आणि दुसरं म्हणजे ते लोखंड गरीब होतं. गोव्याच्या किंवा बल्लारीच्या खाणीतला लाल दगड तुम्हाला माहीत असेल, तसा हा नाही. हा काळसर, मॅग्नेटाइट आणि गारगोटीचे थर एकावर एक, पातळ पातळ, काळा पांढरा काळा पांढरा. हे थर अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी बसलेले आहेत, तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, सूक्ष्मजीव सोडले तर काहीच नव्हतं. बाबांनी आणलेला असा एक दगड अजून माझ्या शोकेसमधे आहे, मुठीत मावेल एवढा पण उचलला की हात खाली जातो, आणि फ्रीजचं मॅग्नेट त्याच्या काळ्या रेघेला जाऊन टकदिशी चिकटतं, पांढऱ्या रेघेवरून मात्र घसरतं. माझ्या मुलीने लहानपणी हा खेळ शेकडो वेळा खेळलाय.

या दगडात लोखंड साधारण एक तृतीयांश. तो तसाच विकून उपयोग नाही, दळून पीठ करायचं, पाण्यात कालवायचं, चुंबकाने काळं वेगळं काढायचं आणि उरलेली पांढरी रेती टाकून द्यायची. साधारण तीन टन दगड फोडला तर एक टन माल. हे गणित लक्षात ठेवा, कारण त्यातले उरलेले दोन टन कुठे गेले हाच पुढचा प्रश्न आहे.

सत्तरच्या दशकात इराणच्या शहाला पोलादाचे कारखाने उभे करायचे होते. १९७५ मधे करार झाला, इराण ६३ कोटी डॉलर कर्ज देणार आणि माल विकत घेणार. १९७६ मधे सरकारी कंपनी स्थापन झाली, वर्षाला ७५ लाख टन माल काढायची क्षमता असलेला प्रकल्प त्या पावसात, त्या चिखलात उभा राहिला, आणि तयार होतोय तोवर १९७९ मधे इराणमधे क्रांती होऊन शहाच गेला. ठरलेले पूर्ण पैसे आले नाहीत, गिऱ्हाईकही गेलं. मग १९८० पासून दुसरे देश शोधून माल विकायला लागला, आणि १९८७ मधे मंगळूरला गोळ्या करायचा, म्हणजे पेलेटचा, कारखाना सुरू झाला. माल मंगळूरला ट्रकने जात नव्हता हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. त्याचा पाण्यात कालवलेला काळा रबडा, स्लरी म्हणायचे, ६७ किलोमीटरच्या पाइपातून घाट उतरून बंदराला जायचा. बाबांचं काम पंपावर. रात्री-अपरात्री शिफ्टला जाताना ते मला सांगायचे की डोंगर पाइपातून समुद्राला चाललाय. तेव्हा मला ते परीकथेसारखं वाटायचं.

आणि ज्या वर्षी मंगळूरचा कारखाना सुरू झाला त्याच १९८७ मधे या सगळ्या भागाला राष्ट्रीय उद्यान करायची घोषणा झाली, ६०० चौरस किलोमीटर. कारण होतं सिंहपुच्छ वानर. काळं अंग, तोंडाभोवती पांढरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा झुपका. आपल्या महाराष्ट्रात हे माकड नाही, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या सदाहरित जंगलातच सापडतं, जगात दुसरीकडे कुठे नाही. उल्हास कारंत यांनी ऐंशीच्या दशकात कर्नाटकात ते कुठे कुठे उरलंय याचा सर्व्हे केला आणि कुद्रेमुखचं जंगल राखायची शिफारस केली. हे वानर जमिनीवर फारसं उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं, त्यामुळे रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी मधे पन्नास-शंभर मीटरची मोकळी पट्टी पडली की त्याच्यासाठी जंगलाचे दोन तुकडे होतात. म्हणजे एकाच डोंगरावर राष्ट्रीय उद्यान आणि देशातल्या मोठ्या खाणींपैकी एक, दोन्ही शेजारी शेजारी, जवळजवळ वीस वर्षं.

आता ते दोन टन. दळलेली रेती साठवायला लक्या नावाच्या ओढ्यावर बांध घातला, भद्रेला मिळणारा ओढा. बांधाची उंची जवळपास १०० मीटर, म्हणजे तीस मजली इमारत समजा. वर्षानुवर्षं ती राखाडी रेती त्या दरीत भरत गेली. दरी होती तिथे आता सपाट मैदान आहे आणि त्यावर पाणी. ती दरी आधी कशी होती हे बघितलेली माणसं आता म्हातारी झालीत.

आणि जे बांधात अडवता येत नाही ते नदीत जातं. ७००० मिलिमीटर पाऊस गवतावर पडला तर तो मुरतो, उघड्या मातीवर पडला तर ती घेऊनच जातो. भद्रेतला गाळ मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी सरीगणिक पाण्याचे नमुने घेऊन दाखवलं की खाणीची जागा पाणलोटाच्या मानाने छोटीशी आहे पण नदीतल्या गाळात तिचा वाटा फार मोठा आहे. खाली भद्रा अभयारण्य, त्याच्याही खाली लक्कवळ्ळीचं भद्रा धरण आणि त्यावर शेती करणारी माणसं. खाण बंद करा म्हणून आंदोलन झालं त्यात शेतकरीही होते ते या गाळामुळे.

हा गाळ कुणाला नडतो याचं एक उदाहरण देते, हे तुमच्या लीडर्सना नक्की सांगा. याच चिक्कमगळूरु जिल्ह्यात, मुडिगेरे तालुक्यात, कोट्टिगेहार नावाचं गाव आहे. तिथल्या ओढ्यातल्या एका बेडकाची १९३७ मधे सी. आर. नारायण राव यांनी शास्त्रीय नोंद केली, त्याच्या नावात आजही ते गाव आहे. अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी बेडूक, खडकावर बसला तर दिसतच नाही. ओढ्याचा आवाज इतका मोठा असतो की नुसतं ओरडून भागत नाही, म्हणून नर ओल्या दगडावर बसून एक मागचा पाय सरळ बाजूला ताणतो, बोटं फाकवून पडदा दाखवतो आणि पाय परत घेतो. मग दुसरा पाय. मी पावसाळा सरता सरता एका ओढ्याकाठी अर्धा तास उकिडवी बसून हे बघितलंय, पाय बधिर झाले, उठवेना. याला नाचरा बेडूक म्हणतात. मादी ओढ्याच्या तळाशी मागच्या पायांनी वाळू उकरून अंडी पुरते आणि वरून झाकते. आता त्या वाळूवर बारीक गाळाचा थर बसला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आणि हेही बघा की गाळ फक्त खाणीतूनच येतो असं नाही, चाळीस जणांची बॅच ओढ्यात उतरून फोटोसाठी दगड हलवते, पाणी ढवळते, दगडांचे मनोरे रचते, तेव्हा तेच होतं, फक्त छोट्या प्रमाणात. ते मनोरे बंद करा, प्लीज. माझ्या ग्रुपने सात रचले होते आणि मी ते सगळे उतरवून दगड परत पाण्यात ठेवले तेव्हा लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते.

खाण बंद कशी झाली हे तर सांगायलाच हवं कारण आपल्याकडे असं फारसं होत नाही. खाणीच्या जमिनीचा ३० वर्षांचा पट्टा १९९९ मधे संपला, ४६०० हेक्टरच्या आसपास जमीन, आणि कंपनीला मुदतवाढ हवी होती. चिक्कमगळूरु आणि आजूबाजूला लोक उभे राहिले, वाइल्डलाइफ फर्स्ट या संस्थेचे के. एम. चिन्नप्पा सुप्रीम कोर्टात गेले. हे चिन्नप्पा म्हणजे नागरहोळेला वनखात्यात रेंजर म्हणून आयुष्य घालवलेला माणूस. ३० ऑक्टोबर २००२ ला निकाल लागला, आधीच फोडलेल्या भागातला झिजलेला वरचा दगड २००५ संपेपर्यंत काढा आणि मग थांबा. आणि ३१ डिसेंबर २००५ ला खाण खरंच थांबली. सरकारी कंपनी, कोट्यवधींची उलाढाल, परकीय चलन, हजारो माणसांचा रोजगार, आणि तरीसुद्धा थांबली. त्या वेळी बाबा रिटायर होऊन मिरजेला आले होते. त्यांना बातमी सांगितली तर बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, बरं झालं, पण पोरांचं काय. पोरांचं म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कामगारांचं. ही दोन्ही वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली होती आणि मला दोन्ही तितकीच खरी वाटतात. कॉलनीतली घरं रिकामी होत गेली, शाळा, दवाखाना, बाजार सगळं ओसरलं. गेल्या ऑगस्टमधे आमचं क्वार्टर शोधायचा प्रयत्न केला तर रानाने आणि शेवाळाने सगळं इतकं घेतलंय की कुठली ओळ आमची ते कळेना.

२०१२ मधे युनेस्कोने सह्याद्रीतल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या त्यात कुद्रेमुख आहे, आणि आपलं कास, कोयना, चांदोली, राधानगरीही त्याच यादीत आहे. हे तुम्ही पोस्टरवर टाकता, टाका. पण वारसा आपोआप मिळाला असं वाटू देऊ नका. त्याआधी सात वर्षांपूर्वीपर्यंत तिथे सुरुंग लागत होते.

आणि गोष्ट संपलेली नाहीये. लक्याचा बांध तिथेच आहे. खाण बंद करता येते, बांध बंद करता येत नाही, त्याच्यामागे दरीभर रेती आहे आणि दर वर्षी वरून तेवढाच पाऊस पडतो, तेव्हा त्याच्याकडे कुणीतरी कायम लक्ष ठेवायला लागणार, आपण नसू तेव्हाही. उतारांवर अकेशियासारखी बाहेरची झाडं लावलेली आहेत, लांबून छान हिरवी दिसतात, पण गवताची जागा ती भरून काढत नाहीत. तुमच्या पोस्टवर जंगल म्हणून येणाऱ्या फोटोंमधे यातला एखादा उतार असू शकतो, लीडरला फरक ओळखता यायला हवा. तिकडे बल्लारी भागात संडूरच्या देवदरी डोंगरात त्याच कंपनीला नवीन खाण हवीये, आणि २०२४ मधे कर्नाटकच्या वनमंत्र्यांनी कुद्रेमुखमधल्या जुन्या उल्लंघनांचं काय झालं ते आधी सांगा म्हणून वनजमीन देणं अडवलं. संडूर म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान, मराठी माणसाला ते नाव परकं नाही. म्हणजे वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या खाणीचा हिशेब आजही चालू आहे, आणि आपण तिथून फोटो काढून परत येतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे आणि ते फार मोठं नाही. बसमधे रात्री सिनेमा लावता त्याऐवजी अर्धा तास ही गोष्ट सांगा, शहाची, पाइपाची, चिन्नप्पांची, लोकांना आवडेल, मी आमच्या बसमधे परतीच्या वाटेवर सांगितली तर झोपलेली माणसं उठून बसली. कदंबी धबधब्यापाशी सगळे थांबतातच, तिथे हे पाणी पुढे कुठे जातं ते सांगा. ट्रेक सुरू होतो त्या मुळ्ळोडीला ज्या घरात जेवता त्या घरातल्या माणसांशी नुसतं चहा कितीला एवढंच बोलू नका, त्यांनी खाण सुरू होताना बघितली आणि बंद होताना बघितली आणि उद्यान झाल्यावर आपल्याला इथून उठवतील का या काळजीत वर्षं काढली, मलेकुडिया समाजाची घरं त्या जंगलात पिढ्यानपिढ्या आहेत. वनखात्याने माणसांच्या संख्येवर मर्यादा घातली की बुकिंग गेलं म्हणून इन्स्टावर आरडाओरडा करू नका, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटरची एकच पायवाट आहे आणि त्या गवतावर शॉर्टकट मारला की पहिल्याच जोरदार सरीला त्याचा ओघळ होतो. मी गेले तेव्हा शिखराच्या खालच्या चढावर अशा तीन समांतर वाटा पडलेल्या होत्या, मधल्या वाटेत माझा पाय पोटरीपर्यंत रुतला. आणि बसमधला तो माणसाचा हात न लागल्याचा डायलॉग काढून टाका. तिथे माणसाचा हात चांगलाच लागलाय, आणि नंतर माणसांनीच तो मागे घ्यायला लावलाय. माझ्या मते यातला दुसरा भाग जास्त भारी आहे, तो सांगितला तर लोकांना शिखरावर उभं राहून वेगळंच वाटेल.

ज्या ग्रुपला हवं असेल त्यांच्या लीडर्सच्या ट्रेनिंगला मी एका रविवारी येईन, पैसे नकोत, खालीच कमेंटमधे सांगा. बाबांचा दगड आणि फ्रीजचं मॅग्नेट घेऊन येते.

तुमचीच,
कुद्रेमुख कॉलनीत वाढलेली एक मिरजकर